वॉटर पार्क आणि वावरातला मुक्काम: विदर्भातल्या उन्हाळ्यात दोन रात्रींच्या घरच्या सहलीचा पुरता बेत

विदर्भात मे महिन्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हे सहा तास माणसाचे नसतात, उन्हाचे असतात. नागपूरला २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंश तर बहुतेक उन्हाळ्यांत ठरलेलेच. वॉटर पार्क मात्र नेमकं याच वेळात उघडं असतं. म्हणून सगळा बेत उन्हाच्या घड्याळावर बसवावा लागतो: तंबू फक्त रात्रीपुरता, पाळणे आणि घसरगुंड्या सकाळी, दुपार सावलीत, आणि पाण्यात पुन्हा उतरायचं ते उन्हं कलल्यावर. सहल बिघडते ती बहुतेक वेळा दुपारीच.

इथला हिशेब दहा जणांचा धरला आहे: दोघे भाऊ, दोघी जावा, आजी आणि पाच लेकरं. माणसं कमी-जास्त असतील तर त्या मानाने आकडे बदला.

तारीख काढताना

गहू-हरभरा घरात आलेला असतो, कापूस विकून झालेला असतो आणि वखरणीची घाई अजून अंगावर आलेली नसते, असे दिवस एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापासून १० मेपर्यंत मिळतात. २५ मेपासून नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन उघड्यावर मुक्काम नकोच. मृग लागल्यावर एखादी सर येऊन गेली की हवा उतरते, पण तेव्हा बियाणं-खताची धावपळ असते आणि वादळवाऱ्याचाही नेम नसतो. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, एवढी एक सवलत जूनमध्ये असते.

पंचांगात लग्नतिथी बघून मगच तारीख पक्की करा. दाट तिथीला क्रूझर गाडी मिळत नाही, मिळाली तर भाडं दीडपट, आणि घरातलं कोणी ना कोणी वऱ्हाडात अडकलेलं. २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून लग्नं नाहीत, गाड्या मोकळ्या मिळतील. मात्र धोंड्याचा महिना असल्याने जावयांना बोलावणं असतं, तेवढं घरात आधी विचारून घ्या. वार मंगळवार ते गुरुवार यांपैकी. शनिवार-रविवारी पार्कात एकेका घसरगुंडीसाठी अर्धा-पाऊण तास रांगेत उभं राहावं लागतं, तेही तापलेल्या जिन्यावर.

पार्कला आधी फोन

नागपूरच्या आसपास जायचं असो की अमरावती-अकोल्याकडे, निघण्याच्या आठ दिवस आधी फोन करून या गोष्टी विचारा आणि वहीत लिहून ठेवा. तिकीट उंचीवर आहे की वयावर? बहुतेक ठिकाणी उंचीवर असतं, म्हणून फोन करण्याआधी पाचही लेकरांना दाराच्या चौकटीला उभं करून टेपने मोजा. मोठ्या घसरगुंड्यांना साधारण चार फुटांची अट असते. साडेतीन फुटांच्या पोराला घरीच सांगितलेलं बरं. दोन जिने चढून गेल्यावर परत पाठवलं की ते दिवसभर रुसतं. बाहेरचं जेवण आत चालतं का? बहुधा चालत नाही. पिण्याचं पाणी आत मोफत आहे का? लॉकरचं डिपॉझिट किती? पोहण्याचे कपडे भाड्याने मिळतात का, मोठ्या मापाचे मिळतात का? दुपारी बसायला छत असलेली जागा आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तिथे नुसत्या छत्र्या असतील तर दुसरं पार्क बघा.

कपड्यांचं नीट समजून घ्या, कारण बायकांची सहल इथेच अडते. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, ते उगाच नाही. सूत पाणी पिऊन जड होतं, धागे सुटून गाळणीत अडकतात आणि घसरगुंडीच्या सांध्यात ओढणीचं टोक सापडलं तर गळ्याला फास बसतो. भाड्याच्या कपड्यांत संकोच वाटत असेल तर घरूनच नायलॉन किंवा पॉलिस्टरचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि जाड लेगिंग न्या. तालुक्याच्या बाजारात सहज मिळतात, अंग झाकतं आणि ऊनही लागत नाही. चेन, हुक, टिकल्या असलेले कपडे नकोत. मंगळसूत्राला घरीच दोरा ओवून घ्या, बाकी सोनं घरी.

मुक्कामाची जागा

जंगलात, तलावाच्या काठी, वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही. मेळघाट, पेंचसारख्या व्याघ्र प्रकल्पांच्या हद्दीत तर नाहीच. शिवाय १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा वणव्याचा हंगाम, त्या काळात जंगलाजवळ चूल पेटवणं म्हणजे गुन्हा ओढवून घेणं. सोयीच्या जागा तीन: नातलगाचं किंवा ओळखीचं वावर, कृषी पर्यटन केंद्र, किंवा बिगरतिथीला रिकामं पडलेलं मंगल कार्यालयाचं लॉन. लॉनवर संडास, नळ आणि दिवा असतो, पाच लेकरांसोबत ही मोठी सोय. पार्कपासून अर्ध्या तासाच्या आतली जागा बघा.

वावरात थांबणार असाल तर उजेडी पोचा आणि धुऱ्यावरून (बांधावरून) एक फेरी मारा. पहिली बघायची ती विहीर. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी जागोजागी आहेत आणि रात्री लघवीला उठलेल्या लेकराला ती दिसत नाही. तंबू विहिरीपासून किमान शंभर पावलं लांब ठोका आणि मधल्या वाटेवर बैलबंडी आडवी लावा किंवा बोराटीच्या काट्या टाका. दुसरी गोष्ट तार. रानडुकरांसाठी काही जण धुऱ्यावरच्या तारेत थेट करंट सोडतात. हे बेकायदा आहे, त्यात दरवर्षी माणसं मरतात, आणि शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच येते. वावराच्या मालकाला आणि शेजारच्या दोन्ही धुरेकऱ्यांना तोंडावर विचारा: "रात्री तारेत करंट असतो का?" गोलमोल उत्तर आलं तर तिथे थांबू नका.

झाड निवडताना कडुनिंब उत्तम. बाभळीखाली काटे तंबूच्या तळातून वर येतात. आंब्याखाली रात्रभर कैऱ्या पडतात आणि मुंगळे चढतात. जंगलालगतच्या गावात मोहाखाली तर मुळीच नको, फुलांच्या वासाने अस्वल येतं.

तंबू ठोकणे

पिशवीवर "चार माणसं" लिहिलेल्या सात बाय सात फुटांच्या तंबूत आपल्या उन्हाळ्यात दोन मोठी माणसं आणि एक लेकरू मावतं. दहा जणांना तीन तंबू आणि आजीसाठी मच्छरदाणी लावलेली बाज. बाज नसेल तर घडीची खाट न्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवरून उठवायला दोघं लागतात. विकत घेताना दोन्ही बाजूंना जाळीची खिडकी आहे ना, ते बघा. एकाच बाजूला जाळी असलेला तंबू आपल्याकडे भट्टीच.

संध्याकाळी पाचच्या आधी तंबू उभारू नका, तापलेलं कापड रात्री नऊपर्यंत गरम राहतं. आधी जागा झाडून खडे, धसकटं, काटे वेचा. मग ताडपत्री, पण ती तंबूच्या तळापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं आत दुमडलेली. बाहेर राहिली तर अवकाळी सरीचं पाणी तिच्यावरून वाहत थेट अंथरुणाखाली येतं.

खुंट्या कोणत्या, हे जमिनीवर अवलंबून आहे. मुरमाड जागेत तंबूसोबत आलेल्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या पहिल्याच घावाला वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातून दहा इंची लोखंडी खिळे आणा, एका तंबूला आठ, म्हणजे सुटे धरून तीस. जिथे ठोकायचे तिथे तासभर आधी लोटाभर पाणी ओता. खिळ्याचं डोकं तंबूच्या बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, नाहीतर दोरी ताणली की खिळा उपटून येतो. काळ्या जमिनीत उलटी पंचाईत. मेमध्ये तिला हातभर भेगा पडतात, खिळा आत जातो पण धरत नाही, आणि त्याच भेगांत विंचू असतात. शक्यतो भेगाळलेली जागा सोडा. नाइलाज असेल तर पोत्यात पंधरा-वीस किलो माती भरून दोऱ्या त्या पोत्यांना बांधा.

तोंड पश्चिमेला किंवा वायव्येला ठेवा, रात्रीचा वारा तिकडून येतो. आभाळ निरभ्र असेल तर वरचं पावसाळी कापड काढून ठेवा, पण घडी उशाशी. मे महिन्यात दुपारनंतर ढग भरून आले की वादळ दहा मिनिटांत अंगावर येतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर तंबू आणि झाड दोन्ही सोडा, सगळे गाडीत बसा, काचा वर करा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाइलमध्ये घालून ठेवा, विजेची आगाऊ सूचना मिळते.

गाडी आणि पाणी

दहा जण आणि सामान क्रूझरमध्ये बसतं. गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला तर विम्याची भरपाई अडते. टायर स्वतः बघा: नक्षी गुळगुळीत झालेली, बाजूला तडे गेलेले असतील तर गाडी बदलून मागा. उन्हाळ्यात टायर फुटतो तो बहुधा हवा कमी असल्यामुळे. कमी हवेचा टायर चालताना जास्त दबतो, दबून तापतो आणि फुटतो. हवा पहाटे, टायर थंड असताना भरा. समृद्धी महामार्गावरून जाणार असाल तर हे दुप्पट काटेकोरपणे, तिथे सरळ सिमेंटच्या रस्त्यावर वेग कधी वाढला ते कळत नाही. निघायची वेळ पहाटे साडेचार, नाहीतर दुपारी चारनंतर.

माणसं आणखी असतील तर एसटीही सोयीची. बायकांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं, ५ ते १२ वर्षांच्या लेकरांना अर्धं. आजीचं आधार कार्ड सोबत हवं. मग सामान मात्र कमी करावं लागेल.

पाणी पिण्यासाठी माणशी सहा लिटर रोज, म्हणजे साठ लिटर. स्वयंपाक आणि हातपाय धुवायला आणखी चाळीस. वीस लिटरच्या पाच कॅन एका दिवसाच्या झाल्या. विहिरीचं पाणी वापरायला घ्या, प्यायला नको. बर्फ पुरत नाही. त्यापेक्षा कॅनभोवती ओलं बारदान गुंडाळून वाऱ्यावर ठेवा, दर दोन तासांनी भिजवा, माठासारखं गार होतं. ओआरएसच्या दहा पुड्या न्या. एक पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात कालवली की मिठाचं प्रमाण बिघडतं आणि लेकरू आणखी आजारी पडतं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

पहिली रात्र: रोडगे

वावरातल्या मुक्कामाला रोडग्यांसारखं, म्हणजे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांसारखं, जेवण नाही. भांडी कमी लागतात, आणि उरलेला रोडगा सकाळी गूळ-तुपात कुस्करला की न्याहारी झाली. दहा जणांना वीस रोडगे लागतात: जाडसर दळलेली कणीक अडीच किलो, वाटीभर तेलाचं मोहन, दोन चमचे ओवा, मीठ. सोबत पाऊण किलो तुरीचं वरण, अडीच किलो वांग्यांची भाजी आणि अर्धा किलो तूप. गोवऱ्या तीस, पूर्ण वाळलेल्या.

आधी वीतभर खोल खड्डा खणा आणि चहूबाजूंनी दहा फूट गवत-पालापाचोळा साफ करा. पाण्याच्या दोन बादल्या शेजारी भरून ठेवा, मगच काडी लावा. गोवऱ्या उभ्या रचून पेटवा आणि वाट बघा. इथेच घाई होते. धूर निघतोय तोवर रोडगे टाकले तर वरून कोळसा आणि आत कच्चं पीठ. धूर थांबून गोवऱ्यांवर पांढरी राख धरली आणि आत लाल आर (निखारा) दिसला की वेळ झाली, साधारण पाऊण तासाने. तोवर घट्ट कणकेच्या पुऱ्या लाटून, तेलाचं बोट फिरवून, तीन पुऱ्या एकावर एक ठेवा आणि चौथीत गुंडाळून गोळा वळा. आर पसरून गोळे मांडा, वरून गरम राख सारा. दर दहा मिनिटांनी फिरवा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत रोडग्याला तडा जातो आणि तड्यातून ओव्याचा वास येतो. दाबला की कुरकुरत उघडतो. फडक्यात घेऊन राख झटका, फोडा, तूप सोडा.

वांग्याची भाजी आणि वरण रात्रीच संपवा. ४४ अंशांत ते सकाळपर्यंत आंबतं आणि पार्काच्या दिवशी जुलाब लागतात. झोपण्याआधी आरावर पाणी ओता, काडीने उकरा, पुन्हा ओता. गोवरीचा विस्तव राखेखाली सकाळपर्यंत जिवंत राहतो, म्हणून तळहाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन धग बघा. चालकाला नऊला जेवू घालून झोपवा, त्याला कसलंही काम सांगू नका.

तंबूची चेन आत-बाहेर करताना दर वेळी पूर्ण लावायची, हा नियम लेकरांना पाठ करून द्या. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसालाच जास्त चावतो. चावा दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या जड होतात. चपला-बूट तंबूत, पिशव्या बंद, सकाळी सगळं झटकून. कोणाला काही चावलंय अशी नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि सरकारी दवाखाना गाठा. कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. सर्पविषावरची लस ठेवणारं जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय कोणतं, हे मुक्कामाला पोचल्याच दिवशी विचारून ठेवा.

पार्कातला दिवस

साडेसातला तंबू तापतो, त्यामुळे सगळे आपोआप उठतात. नऊपर्यंत पोटभर न्याहारी, वरून ताक. फाटक उघडायच्या वेळी तिथे हजर राहा आणि आत गेल्या गेल्या आजीची जागा धरा: छत, जवळ पंखा किंवा वारा, संडास पन्नास पावलांत. तीच सगळ्यांची हरवल्यास भेटायची जागा. लेकरांच्या मनगटाला कापडी पट्टी बांधून त्यावर पक्क्या शाईच्या पेनाने मोबाइल नंबर लिहा. नुसता हातावर लिहिलेला नंबर पाण्यात तासाभरात पुसट होतो.

मोठ्या घसरगुंड्या आणि कोरडे पाळणे बाराच्या आत उरका. घसरगुंडीवर पाठीवर पडून, हात छातीवर, घोटे एकमेकांवर. उठून बसलं की वळणावर तोल जाऊन डोकं आपटतं. खालचा माणूस पाण्यातून बाहेर निघेपर्यंत वरच्याने सुटायचं नाही, रखवालदार घाई करत असला तरी. पाळण्यात बसताना दुपट्टा काढून लॉकरमध्ये आणि केसांचा अंबाडा घट्ट. गो-कार्टमध्ये तर मोकळे केस आणि ओढणी जिवावर बेतते, चाकाच्या दांडीत गुंडाळली की सोडवायला वेळच मिळत नाही. समोरचा दांडा स्वतः ओढून बघा. लागत नसेल तर उतरा, पैसे गेले तरी चालतील.

बारा ते साडेतीन छताखाली. जेवण हलकं, झोप, दर अर्ध्या तासाने पाणी, तहान लागली नसली तरी. लेकरं ऐकत नाहीत, "आत्ता पाच मिनिटं" म्हणतात. पाण्यात अंग गार लागतं म्हणून ऊन कळत नाही, घामही दिसत नाही, आणि चारला उलट्या सुरू होतात. इथे मोठ्यांनी ठाम राहायचं. फरशीवर अनवाणी चालू देऊ नका, तळव्यांना फोड येतात.

चारनंतर लाटांचं तळं. दोन लेकरांमागे एक मोठं माणूस, आणि ते काठावर मोबाइल धरून नाही, हाताच्या अंतरावर पाण्यात. पाणी लेकराच्या छातीच्या वर जाता कामा नये. लाट सुरू झाली की गर्दीच्या पायांत लेकरू दबतं आणि गोंगाटात आवाज ऐकू येत नाही. बुडणारं माणूस तसंही ओरडत नाही. बाहेर आल्यावर साध्या पाण्याने आंघोळ, नाहीतर क्लोरीनने अंग खाजतं.

ऊन लागल्याची खूण: अंग भाजतं, बोलणं असंबद्ध होतं, माणूस भलतंच काहीतरी बरळतं. घाम थांबेलच असं नाही. लगेच सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळं अंग ओलं करून जोरात वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फाची पिशवी. १०८ ला फोन. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. खिशातल्या कांद्याने अंग गार होत नाही, तो जेवणात खा. खरं काम डोक्यावरचा ओला दुपट्टा करतो.

रात्री परतायचा मोह होतो. करू नका. दिवसभर उन्हात थांबलेला चालक रात्री दहाला गाडी हाकणार, हे बरं नाही. दुसरी रात्र तिथेच, जेवण साधं पिठलं-भाकर आणि ठेचा, पहाटे पाचला निघा.

आवराआवर

तंबू उलटा करून झटका, कोपऱ्यांतली माती आणि दडलेले किडे बाहेर पडू द्या. दवाने किंवा सरीने ओला असेल तर घडी करू नका, तसाच गोळा करून न्या आणि घरी अंगणात दोन तास सावलीत वाळवा. ओल्या घडीला आठ दिवसांत बुरशी धरते, आणि उन्हात रोज वाळवलं तर कापड विरतं. माळ्यावर टाकून ठेवलेल्या तंबूची पुढच्या उन्हाळ्यात उंदरांनी चाळणी केलेली असते, म्हणून पिशवी आढ्याला टांगा. वाकलेले खिळे तेव्हाच सरळ करून तेल लावून ठेवा. आणि वहीत त्याच पानावर लेकरांची उंची तारखेसह लिहा. पुढच्या वर्षी कोण चार फुटांच्या वर गेलंय ते एका नजरेत कळतं.